चित्रातलं पोस्ट आणि त्याच पोस्टाचा शिक्का: कलेक्शन कुठवर आलंय

मंडळी, बरेच दिवस कलेक्शनबद्दल काही लिहिलं नव्हतं. पावसाळा संपत आलाय, अल्बम सगळे बाहेर काढून वारं देऊन झालं, तर काय जमलं आणि काय अडकलंय ते सांगून टाकतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी फक्त टपालाचीच चित्रं असलेली पिक्चर पोस्टकार्डं जमवतो, म्हणजे पोस्टाच्या इमारती, टपालपेट्या आणि तिकिटं. पोस्टमन, मेलगाड्या, हरकारे वगैरे मोठ्या मनाने सोडून दिलेत कारण कपाट एकच आहे आणि त्यातला एक कप्पा बायकोने आधीच परत मागितलाय.

यंदाचा मोठा बदल म्हणजे कोरी कार्डं घेणं जवळपास बंद केलंय. आता नियम असा की चित्रात जे पोस्ट दिसतंय त्याच पोस्टाचा, नाहीतर निदान त्याच गावाचा शिक्का कार्डावर पाहिजे, तरच ते मेन अल्बममध्ये जाणार. कोरं कार्ड कितीही सुंदर असलं तरी ते शेवटी दुकानातून आलेलं चित्र, टपालातून ते गेलेलंच नाही, मग टपालाच्या कलेक्शनमध्ये त्याचं काय काम असं माझं मत झालंय. पटणार नाही बऱ्याच जणांना, माहितीये. पण हा नियम लावल्यापासून कार्ड हातात आलं की आधी मागची बाजू बघायची सवय लागली आणि खरी मजा तिकडेच आहे.

मुंबई जीपीओचंच घ्या. घुमटवाली कार्डं आपल्या सगळ्यांकडे ढिगाने आहेत. जॉन बेगचं डिझाइन, १९०४ ला काम सुरू, १९१३ ला पूर्ण, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण जुन्या कार्डांत एक जात अशी सापडते की खाली स्वच्छ 'जनरल पोस्ट ऑफिस, बॉम्बे' छापलंय आणि वर घुमटाचा पत्ता नाही, कमानींची लांबच लांब वेगळीच इमारत आहे. विकणारे कधीकधी हे 'कॅप्शन चुकलंय' म्हणून स्वस्तात काढतात. कॅप्शन बरोबर असतं हो! सीएसएमटीशेजारची इमारत व्हायच्या आधी जीपीओ फ्लोरा फाउंटनला होतं, आपण ज्याला सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस म्हणून ओळखतो तीच इमारत, ट्रबशॉ आणि पॅरिस यांनी १८६९ ते १८७२ मध्ये बांधलेली. म्हणजे घुमट नाही आणि जीपीओ लिहिलंय तर फोटो १९१३ च्या आधीचा धरायला हरकत नाही. मात्र कार्ड कधी पाठवलं ते यावरून ठरत नाही कारण छापलेला माल दुकानात वर्षानुवर्षं विकला जायचा, त्यासाठी तिकीट आणि शिक्का बघावा लागतो.

असं एक कार्ड या वर्षी अखेर मिळालं. सातव्या एडवर्डचं लाल एक आण्याचं तिकीट, त्या वेळी परदेशी कार्डाला एक आणा लागायचा आणि देशातल्या देशात पाव आणा, त्यामुळे पत्ता परदेशातला असणार हे तिकिटावरूनच कळतं आणि तसाच आहे, इंग्लंडचा. शिक्का बॉम्बेचा, साल ०८ वाचता येतंय. मजकूर एकदम फालतू, हवा गरम आहे आणि बोट वेळेवर पोचली, बस. पण विचार करा, पाठवणाऱ्याने ज्या इमारतीचं चित्र निवडलं बहुतेक त्याच इमारतीत ते कार्ड टाकलं असणार, आणि आता तिथे जीपीओ नाही आणि तारही नाही, तारसेवाच २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली.

जाता जाता एक गंमत. फ्लोरा फाउंटनला आधी मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरचं नाव द्यायचं ठरलं होतं. हाच फ्रिअर आधी सिंधचा कमिशनर होता आणि त्याच्याच काळात १८५२ मध्ये कराचीतून 'सिंद डाक' निघालं, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, अर्धा आणा, सफेद, निळं आणि लाल. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे माझ्या अल्बममध्ये सिंद डाकचं चित्र असलेलं एक आधुनिक कार्ड या जुन्या जीपीओच्या समोरच्या पानावर लावलंय. नियमात बसत नाही, तरी लावलंय, अल्बम माझा आहे.

आता नागपूर, कारण यंदाचा सगळ्यात जास्त वेळ तिकडेच गेला. २०१० मध्ये पोस्टाने वारसा इमारतींची तिकिटं काढली होती, त्यात नागपूर जीपीओ आहे. मला त्याचं मॅक्सिमम कार्ड करायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कार्डावरचं चित्र, तिकिटावरचं चित्र आणि शिक्का हे तिन्ही एकाच विषयाचे पाहिजेत आणि तिकीट मागे नाही, चित्राच्या बाजूला लावायचं. शिवाय कार्ड म्हणजे तिकिटाचंच मोठं करून छापलेलं चित्र असलं तर चालत नाही, वेगळा फोटो पाहिजे, शक्यतो तिकीट निघायच्या आधी छापलेला. इथेच घोडं अडतं. मुंबई, कोलकात्याची कार्डं कोणीही छापायचं, नागपूरच्या पोस्टाचं जुनं कार्ड शोधायला गेलं तर डीलर लोक रामटेक नाहीतर संत्र्यांचा बाजार हातात ठेवतात. शेवटी नागपूरच्याच एका काकांकडे त्यांच्या डबलमध्ये निघालं, ब्लॅक अँड व्हाइट, कडा थोड्या दबलेल्या, पण इमारत पूर्ण. बदल्यात त्यांनी माझं दल सरोवरातल्या तरंगत्या पोस्टाचं कार्ड घेतलं, जीव थोडा वरखाली झाला, पण ठीक आहे.

मग कौंटर. कुठल्याही पोस्टात हे काम करून घ्यायचं असेल तर सोमवारी आणि दुपारी बारा-एकच्या गर्दीत जाऊच नका. मी गेलो, कौंटरवरच्या ताई भल्या होत्या.

"यावर तिकीट लावून पाठवायचंय का?"

"नाही ताई, पाठवायचं नाहीये, फक्त शिक्का मारून हातात परत पाहिजे."

"मग उपयोग काय त्याचा?"

यावर माझ्याकडे आजतागायत नीट उत्तर नाही. पण त्यांनी आधी कोऱ्या कागदावर दोनदा शिक्का मारून शाई हलकी केली, मग अर्धा तिकिटावर अर्धा चित्रावर असा मारला, तारीख आणि गावाचं नाव अगदी सुवाच्य. कोणी करणार असाल तर ही कोऱ्या कागदाची विनंती जरूर करा. चकचकीत लॅमिनेशनवाल्या कार्डावर पोस्टाची शाई वाळतच नाही, बोट लागलं की फराटा, म्हणून मॅट कागदाचंच कार्ड घ्या आणि वर टिश्यू ठेवून घरी आणा. प्रदर्शनाच्या हिशोबाने माझं कार्ड कच्चंच आहे कारण शिक्का तिकीट निघालं त्या दिवसाच्या जवळपासचा असावा लागतो आणि माझा इतक्या वर्षांनंतरचा. मला काही प्रदर्शनात ठेवायचं नाहीये.

टपालपेट्यांकडे यंदा जरा दुर्लक्षच झालं. पेटीला स्वतःचा शिक्का नसतो त्यामुळे तिथे गावाचा शिक्का चालवून घेतो. सगळ्यात आवडतं कार्ड डब्लिनहून मावसबहिणीने पाठवलंय, हिरवीगार पेटी आणि तिच्यावर राणी व्हिक्टोरियाची व्हीआर अक्षरं अजून तशीच. आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटिशांच्या लाल पेट्या फेकून न देता त्यांनी सरळ वरून हिरवा रंग फासला, राणीसकट. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमधल्या पेट्यापण आधी हिरव्याच होत्या, लाल रंग १८७४ पासून आला. बहिणीने त्याच पेटीत कार्ड टाकलं आणि टाकतानाचा फोटोपण पाठवला, याला म्हणतात साथ.

जपानचंपण एक आलंय. वाकायामा भागातल्या सुसामी गावात समुद्राखाली दहा मीटरवर टपालपेटी आहे, पाणबुडे लोक वॉटरप्रूफ कार्ड घेऊन खाली जातात आणि टाकतात, मग ती वर आणून गावच्या पोस्टात शिक्का मारून पुढे जातात. एका स्वॅपवाल्या मित्राने त्या पेटीचंच चित्र असलेलं कार्ड त्याच पेटीत टाकून पाठवलं. कागद प्लास्टिकसारखा आहे, अल्बमच्या खाचेत राहत नाही, सारखा घसरतो. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतूला तर पाण्याखाली अख्खं पोस्ट ऑफिसच आहे, २००३ पासून, तिथे शाई चालत नाही म्हणून शिक्का दाबून उठवतात. ते अजून मिळालेलं नाही, कोणी तिकडे हनिमूनला वगैरे जात असेल तर बघा बुवा.

तिकिटांच्या चित्रांचा भाग हा माझ्या कलेक्शनमधला सगळ्यात महागडा रोग. १९०० च्या आसपास म्युनिकच्या ओटमार झीहरने देशादेशांच्या तिकिटांची कार्डं काढली, तिकिटं रंगीत आणि उठावाची, बोट फिरवलं की दातेरी कडा हाताला लागतात. कोरी बऱ्यापैकी मिळतात. माझ्या नियमात बसायला मात्र कार्डावर छापलेल्यांपैकीच एखादं खरं तिकीट लावून त्याच देशातून पाठवलेलं पाहिजे, आणि तसं एकच जमलंय, स्वित्झर्लंडचं. एका परदेशी लिलावात त्यावर इतकी बोली लावली की आकडा इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

त्याच काळातली 'तिकिटांची भाषा' सांगणारी कार्डंपण मस्त असतात, तिकीट डावीकडे कललं तर अमुक, उलटं लावलं तर तमुक, सगळा प्रेमाचा मामला. माझ्याकडच्या दोन कार्डांवर एकाच कोनाचे अर्थ वेगवेगळे आहेत, म्हणजे पाठवणारा एका कार्डाप्रमाणे आणि वाचणारी दुसऱ्याप्रमाणे असं झालं तर लग्न कोणाचं कोणाशी लागायचं देव जाणे.

लांबच्या पोस्टांपैकी हिमाचलच्या स्पितीतलं हिक्किम झालं. १९८३ ला सुरू झालेलं, साडेचौदा हजार फुटांवरचं. ऑफिसातला एक जण बाइकवर गेला होता, त्याला निघताना दहा वेळा सांगितलं की पोस्टाचंच चित्र असलेलं कार्ड घे, डोंगराचं नको. घेतलं त्याने. टपाल तिथून खाली काझाला येतं आणि मग पुढे. कार्ड पोचायला त्याच्या स्वतःपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

आता डोळा आहे अंटार्क्टिकावर. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्री या भारताच्या तिथल्या तळावर आपलं पहिलं पोस्ट निघालं, गोवा विभागाखाली, मग मैत्री या तळावर, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये भारती स्टेशनवर आणखी एक उघडलं. त्याला प्रायोगिक पिनकोड दिलाय एमएच-१७१८, म्हणजे अंटार्क्टिकाचं पोस्ट टपालखात्याच्या आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये! पिनकोडची कल्पना काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृत कवी माणूस, त्यांना ऐकून मजा वाटली असती. पाठवायची पद्धत अशी की कार्डं गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे जातात, मोहीम निघाली की त्यांच्यासोबत तिकडे, तिथे शिक्का आणि परत. माझी अडचण वेगळीच, शिक्का मिळेल पण भारतीच्या पोस्टाचं चित्र असलेलं छापील कार्ड बाजारात कुठे दिसत नाहीये. स्टेशनचा फोटो वापरून स्वतः छापून घ्यावं का यावर विचार चाललाय. स्वतः छापलेलं कार्ड तुम्ही लोक धरता का नाही? मी आत्तापर्यंत धरत नव्हतो, पण इथे गरजेपुरतं मत बदलेन म्हणतो.

साठवणीचं थोडंसं. जुने पीव्हीसीचे पाऊच सगळे काढून टाकले, चिकट होतात आणि कार्डावरचा रंग ओढतात, आता पॉलिप्रॉपिलिनचे स्लीव्ह लावलेत. डोंबिवलीच्या पावसात सिलिका जेलच्या पुड्या महिन्याभरात दमतात, त्या बदलत राहायच्या. पिवळसर ठिपके पडलेली कार्डं वेगळ्या डब्यात.

तर आता लिस्ट. हवंय ते म्हणजे कोलकाता जीपीओ, तिथल्याच शिक्क्याचं, १९४७ च्या आधीचं असलं तर उत्तम. पणजीच्या पोस्टाचं पोर्तुगीज काळातलं, 'इंडिया पोर्तुगेझा'चं तिकीट लावलेलं, कसल्याही अवस्थेत चालेल, अगदी कोपरा फाटका असला तरी. आणि बर्नच्या जागतिक टपाल संघाच्या स्मारकाचं, पृथ्वीभोवती पाच बायका पत्रं देतायत ते, बर्नच्याच शिक्क्याचं. द्यायला माझ्याकडे घुमटवाली मुंबई जीपीओची डबल बरीच आहेत, शिवाय कोरी झीहर तीन, त्यातल्या एकाला मागे गोंदाचा डाग आहे तो आधीच सांगतो. दिवाळीपर्यंत मुंबईतच आहे, शनिवारी फोर्टात भेटता येईल, फक्त कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणू नका, मागच्या वेळी एकाने मेदूवड्याच्या पार्सलसोबत आणली होती.