अजून किती वेळ चालेल?

लाइट गेली की आमच्याकडे पहिला प्रश्न आईचा असतो, ‘आपलीच गेली का सगळ्यांची?’ कुणीतरी गॅलरीत जाऊन समोरची बिल्डिंग बघून येतं. सगळ्यांची गेली असेल तर उगाचच बरं वाटतं. दुसरा प्रश्न बाबांचा : ‘इन्व्हर्टर अजून किती वेळ चालेल?’ तो मला असतो, कारण घरातलं वायरीचं सगळं माझ्या गळ्यात. गेली कित्येक वर्षं मी ‘चालेल दोन-तीन तास’ असं ठोकून देत आलो.

यंदाच्या पावसाळ्यात म्हटलं, एकदाचं खरं उत्तर काढूच.

बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची. गुणाकार केला की १८०० वॅट-अवर येतात आणि माणूस खूश होतो. पण तो १५० चा आकडा २० तासांच्या हिशेबाने छापलेला असतो. साडेसात अँपिअरने सावकाश ओढाल तर तेवढे मिळतील. पंखे, टीव्ही सगळं लावून २० अँपिअर ओढलेत, तर बॅटरी हात आखडता घेते. पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात मांडलं. आमची आई सूत्राशिवायच लाइट जाताक्षणी टीव्ही बंद करते.

बरं, नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवावा, तर तेही नाही. निवांत पडलेली बॅटरी १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. पण चार्जिंग चालू असताना ती १३.८ दाखवते, पाहुण्यांसमोर पोरगं शहाण्यासारखं बसावं तशी. लाइट गेली की खरे रंग.

म्हणून शंट आणला. निगेटिव्हच्या वायरीत बसवायचा धातूचा जाडजूड तुकडा. त्यातून १०० अँपिअर गेले की दोन टोकांमध्ये ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक वाचायला एक चिमुकलं सर्किट. ते वाण्याच्या वहीसारखं लिहीत बसतं : किती नेले, किती परत आले. वही वायफायवरून होम असिस्टंटकडे, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एका जागी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाते आणि माझ्या फोनवर टक्के दिसतात. पहिले आठ दिवस मी शेअर बाजार बघावा तसा तो आलेख बघत होतो.

होम असिस्टंट तेव्हा टीव्हीच्या कपाटातल्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर होतं. दर सेकंदाची नोंद लिहून लिहून त्याच्या मेमरी कार्डने मान टाकली. मग सेकंडहँड मिनी पीसी घेतला आणि बिऱ्हाड हलवलं. टेम्पो नको, हमाल नको. बॅकअपची फाइल उचलून नव्या मशीनवर ठेवली की झालं. दार उघडलं-मिटलं ते कळवणारे सेन्सर झिगबीवर, म्हणजे अशा छोट्या उपकरणांच्या बिनतारी भाषेत बोलतात. ते यूएसबीत खोचलेल्या झिगबीच्या डोंगलला ओळखतात, मशीनशी त्यांचं देणंघेणं नसतं. डोंगल काढून इकडे लावला.

तर अर्धे सेन्सर गायब. आत बटणासारखे सीआर २०३२ सेल असतात, ते संपले असतील म्हणून दोन संध्याकाळी स्टुलावर चढून बदलले. (हे सेल १०० टक्के दाखवता दाखवता अचानक जातात, त्यामुळे संशय त्यांच्यावरच.) सेल बिचारे निर्दोष होते. डोंगल मी यूएसबी ३ च्या पोर्टात खोचला होता. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि झिगबीही तिथेच कुजबुजते. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब नेला, सगळे परत आले. नवे सेल ड्रॉवरमध्ये.

पुढच्याच गुरुवारी लाइट गेली. आईचा प्रश्न झाला, समोरची बिल्डिंग बघून झाली. बाबांनी विचारलं, ‘अजून किती वेळ चालेल?’ याच क्षणासाठी सगळा खटाटोप केला होता. ऐटीत फोन काढला.

पान उघडेना. राउटर चालू, शंट इमानदारीत मोजतोय, पण ऐकायला कुणी जागंच नाही. मिनी पीसी मी बेडरूममधल्या ज्या पॉइंटला लावला होता, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच.

‘चालेल दोन-तीन तास,’ मी म्हणालो.

बाबा काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन बॅटरीपाशी गेले, वाकून पाण्याची पातळी दाखवणारा एकेक फ्लोट बघितला आणि तिथूनच ओरडले, ‘अरे, मधले दोन लाल झालेत. शेवटचं डिस्टिल वॉटर कधी घातलं होतंस?’