उजव्या डोळ्यातली वरची शीर

2021 चा ऑगस्ट. कोविडची दुसरी लाट ओसरून बेळगावात ओपीडी पुन्हा भरू लागली होती. वडगावचे एक विणकर मामा आले, पन्नाशीच्या आतले. तक्रार अगदी नेमकी. "डॉक्टर, मागावर ताण्यातला तुटलेला धागा दिसत न्हाई. वर बघितलं की सगळं ठीक, खालचं पुसल्यागत."

आधी चष्म्याच्या दुकानात जाऊन आले होते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे कित्येकांना महिनोन् महिने काही कळतच नाही. यांच्या कामात ते लपलं नाही.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) वरच्या भागात रक्त सांडलेलं, अधूनमधून पांढरे कापसाळ ठिपके. वरची शीर तुंबली होती. पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, म्हणून बिघाड वर असला की खालचं दिसेनासं होतं.

असं चित्र बहुधा बीपीवाल्यांत दिसतं. मामांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. खोदून विचारल्यावर म्हणाले, "मे महिन्यात पॉझिटिव्ह होतो. घरीच होतो, ऑक्सिजन बी लागला न्हाई."

हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतो. अस्तर सुजतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. डोळ्याच्या पडद्यावर बारीक वाहिन्या चिरफाड न करता थेट पाहता येतात. ब्राझीलच्या डॉक्टरांनी 2020 मध्येच कोविड झालेल्या काही जणांच्या पडद्यावर असे पांढरे ठिपके पाहिले होते. त्यांची नजर मात्र शाबूत होती.

मुलगा म्हणाला, "मग कोविडमुळंच झालं असं लिहून द्या की." मी दिलं नाही. धमनी शिरेवरून जाते तिथे शीर दबून गुठळी होणं कोविडच्या आधीही होतंच. हजारो रुग्णांत संबंध दिसू शकतो. एका माणसाच्या डोळ्यात बघून गुन्हेगार ठरवता येत नाही. त्याला ते पटलं नाही, आणि त्याचा राग मला समजत होता. घरात कोणाला तरी दोष द्यावासा वाटतोच.

उपचार त्यावर अडून नव्हते. पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीत मध्यभागी सूज दिसली होती. डोळ्यात सुई म्हटल्यावर मामा खुर्चीतून उठलेच, पण बायकोने बसवलं. दर महिन्याला इंजेक्शन देत गेलो तशी सूज उतरली, बारीक अक्षरं परत दिसू लागली. पांढरे ठिपकेही विरले.

पण इथेच फसगत होते. ठिपके गेले म्हणजे वाहिन्या परतल्या असं नाही. रंगद्रव्य न टोचता रक्तप्रवाह दाखवणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीत काही केशवाहिन्या कायमच्या बंद दिसल्या. प्राणवायूला आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या फुटायला लावतो. त्या कच्च्या असतात, कधीही रक्त सांडतात. म्हणून तपासणी सोडायची नाही.

मामा आता माग चालवतात, ताण्याचं बारीक काम मुलाकडे दिलंय. तपासणीची तारीख आली की कुरकुरतात, "दिसतंय की आता, कशाला यायचं?" मुलगा गाडीवर बसवून आणतो.