हेडलाइटचा कान

मोटारसायकलींचे प्रदर्शन पाहायला आलेला माणूस आधी गाडीच्या समोर उभा राहतो, मग बाजूला येतो आणि संधी मिळाली तर सीटवर बसून पाहतो. २० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये मी मात्र दिवसातला बराच वेळ गुडघ्यांवर बसून, नव्या गाड्यांच्या हेडलाइटच्या मागे वाकून पाहत होतो. त्याचे कारण सहा आठवड्यांपूर्वी जुन्नर तालुक्यातल्या एका विम्याच्या दाव्यात होते आणि तो दावा अजूनही माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी पुण्यात मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघातातली गाडी वर्कशॉपमध्ये आली की नुकसान पाहायचे, फोटो काढायचे आणि इस्टिमेटमधली, म्हणजे वर्कशॉपने दिलेल्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातली, प्रत्येक ओळ मान्य करायची, कापायची की दुरुस्तीत टाकायची हे ठरवायचे, असे हे काम आहे. बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते ते एवढेच, की साध्या पॉलिसीत मोडलेल्या भागाची पूर्ण किंमत मिळत नाही. भाग जुना झाला म्हणून किंमत कापतात त्याला घसारा म्हणतात. काचेवर घसारा नाही, फायबरग्लासवर ३० टक्के आणि प्लास्टिक, रबर, नायलॉनवर थेट ५० टक्के, मग गाडी कालच शोरूममधून निघालेली का असेना. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही आणि दुसऱ्या वर्षात १० टक्के. जास्तीचा हप्ता भरून ‘झीरो डेप’ घेतले असेल तर हा घसारा लागत नाही. परंतु ऑन-रोड किंमत कमी दिसावी म्हणून दुचाकी विकणारे हा पर्याय अनेकदा सांगतच नाहीत आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता अपघातानंतर माझ्या तोंडून लागतो.

जुन्नरचा तो मुलगा द्राक्षबागांत फवारणीची कामे घेणारा होता. गाडी चौदा महिन्यांची होती. वळणावरच्या खडीवर पुढचे चाक निसटले आणि गाडी डाव्या अंगावर पडली. वेग फार नव्हता, त्यालाही खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. क्लच लिव्हर, डावा आरसा, फूटरेस्ट, किंचित वाकलेले हँडल, अशी ती नेहमीची यादी होती. त्याखाली हेडलाइट असेम्ब्ली, ११,४०० रुपये, अशी एक ओळ होती. मी किल्ली फिरवून पाहिली, तर दिवा लख्ख लागत होता आणि समोरच्या पारदर्शक भागावर एक ओरखडाही नव्हता.

तुटला होता तो कान. हेडलाइट ज्या उंचवट्यांनी ब्रॅकेटला अडकतो त्यांना गॅरेजमध्ये सगळे कानच म्हणतात. हा कान करंगळीच्या नखाएवढा असतो, मधोमध एक भोक, भोकात रबरी बुश, आणि तो दिव्याच्या मागच्या प्लास्टिकच्या अंगाशी एकसंध ओतलेला असतो. मी तो तुकडा हातात घेतला तेव्हा त्याची मोडलेली कड पांढरट पडलेली होती आणि त्याचे वजन हाताला जाणवतही नव्हते. हा कान सुटा मिळत नाही. तो दुरुस्त करून द्यायला डीलरने लेखी नकार दिला, कारण दिवा सीलबंद आहे आणि उद्या आत पाणी गेले तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी नवीन असेम्ब्ली मान्य केली. भाग प्लास्टिकचा, म्हणून ५,७०० रुपये त्या मुलाने भरले.

‘‘साहेब, दिवा तर लागतोय. मग मोडलंय काय?’’ त्याने विचारले. मी त्याला घसाऱ्याचा तक्ता समजावून सांगितला. त्याने विचारले होते ते हे नव्हते.

दिल्लीला मी एका विमा कंपनीच्या बैठकीसाठी गेलो होतो. त्याच आठवड्यात भारत मोबिलिटी ग्लोबल एक्स्पो होता, म्हणून एक दिवस मुक्काम वाढवला. दुचाकींच्या दालनात मला सर्वांत जास्त वेळ थांबवले ते हीरोच्या एक्सपल्स २१० ने. २०११ ची इम्पल्स आणि २०१९ ची एक्सपल्स २०० या दोन्ही गाड्यांचे दावे मी पाहिले आहेत, आणि कच्च्या रस्त्यावर पडण्यासाठीच बनवलेली गाडी पडल्यावर किती कमी मोडते याचा मला नेहमी आदर वाटत आला आहे. तारांची चाके, उंच मडगार्ड, उघडे हँडल, आणि ज्याला आधी मार बसतो ते स्वस्तात बदलता येते. नव्या गाडीत पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे खड्ड्यात ते किती दबू शकते ते अंतर, २१० मिलिमीटर आणि मागचा २०५ आहे, गिअर पाचाचे सहा झाले आहेत आणि इंजिन २४.६ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) आहे. पण माझी नजर गेली ती रेडिएटरवर. आधीचे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होत असे. आता पुढच्या चाकाच्या मागे पाण्याचा रेडिएटर आला आहे, आणि समोरासमोरच्या धडकेत फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे, मागे वाकला की चाक जाऊन आदळते ते नेमके तिथेच. इंजिनासाठी हा बदल योग्य आहे यात मला शंका नाही. माझ्या इस्टिमेटमध्ये मात्र एक ओळ वाढणार आहे आणि त्या वेळी १ लाख ७६ हजारांना गाडी घेणाऱ्याला ती कोणीही सांगत नव्हते.

शेजारच्या, हीरोच्याच एक्सट्रीम २५०आर भोवती तरुणांची दाटी होती. ३० पीएस आणि उलटे फोर्क असलेली ही गाडी तेव्हा १ लाख ८० हजारांत मिळत होती म्हटल्यावर ती होणारच. मी टाकीच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या प्लास्टिकच्या पंखांकडे पाहत होतो. उभ्या जागी स्टँडवरून पडली तरी बहुधा जमिनीला आधी तेच टेकतील. बीएमडब्ल्यूच्या नव्या एस १००० आरआरपुढे तर मोबाइल उंचावलेल्या हातांची भिंत होती. तेव्हा २१ लाख १० हजारांची असलेली गाडी, आणि तिच्या अंगावर पंखांसकट जे काही आहे त्यातले काहीही गिऱ्हाईक पडण्याच्या विचाराने विकत घेत नाही.

एका मोठ्या स्टॉलवर, नाव लिहीत नाही, मी तिथल्या मुलाला विचारले की हेडलाइटचे ब्रॅकेट आणि कान सुटे मिळतात का. त्याने मला स्क्रीनवर नकाशा कसा दिसतो ते दाखवले. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्याने ब्लूटूथ जोडून दाखवले. दोष त्याचा नाही, त्याला जे पाठ करून दिले तेच तो सांगणार. पण देशातल्या एवढ्या मोठ्या प्रदर्शनात सुट्या भागांबद्दल बोलू शकणारा एक माणूस स्टॉलवर असू नये, याचा मला मनापासून राग आला.

माझा प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थाने ऐकला होता. करोल बागेत त्यांचे दुचाकींचे गॅरेज आहे, चाळीस वर्षे तेच काम. मी पिशवीतून जुन्नरचा तो तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कड नखाने खरवडून पाहिली आणि सांगितले की हे पॉलिप्रॉपिलीन आहे, याला गोंद धरत नाही. बारीक तारेची जाळी सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये वितळवून बसवायची, वरून त्याच जातीच्या प्लास्टिकचा थर द्यायचा आणि भोक पुन्हा पाडायचे. काम अर्ध्या तासाचे, पैसे दोनशे. दिव्याचे सील या कानापासून बोटभर लांब असते, तिथे उष्णता पोहोचतच नाही, हे त्यांनी बोटाने दाखवले. मी हे काम सुरू केले तेव्हा यामाहाच्या आरएक्स १०० च्या गोल दिव्याची काच, रिंग, रिफ्लेक्टर, बल्ब, सगळे वेगळे मिळत असे आणि वेगळे बदलले जात असे. त्यांनाही तेच आठवले.

दुपारनंतर टीव्हीएसची सीएनजीवर चालणारी ज्युपिटर पाहिली. १.४ किलो गॅस मावणारी टाकी सीटखाली आहे. बजाजने जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली तेव्हापासून माझ्या मनात असलेला प्रश्न इथेही होताच, की अपघातानंतर ती टाकी पुन्हा वापरायला योग्य आहे हे लिहून कोण देणार. वरून न दिसणारा मार ओळखण्याचे साधन माझ्यासारख्याकडे नाही. होंडाच्या विजेवर चालणाऱ्या ॲक्टिवा ई मध्ये दीड-दीड किलोवॉट-तासाच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि त्या गिऱ्हाइकाच्या मालकीच्या नसतात, अदलाबदलीच्या केंद्रातून भाड्याने मिळतात. पॉलिसी गाडीच्या मालकाच्या नावावर, बॅटरी दुसऱ्याची आणि पुराचे पाणी मात्र दोन्हींत. असा दावा माझ्या टेबलावर येईल तेव्हा तो कसा लिहायचा, याचा विचार मी परतीच्या गाडीत करत होतो.

पुण्याला आल्यावर मी जुन्नरच्या त्या डीलरकडे गेलो. जुना हेडलाइट मिळाला तर करोल बागेतली रीत आमच्याकडच्या एखाद्या कारागिराकडून करून घ्यावी, आठवडाभर पावसासारखा पाण्याचा मारा करून पाहावा आणि सील टिकते हे फोटोंसह विमा कंपनीला दाखवावे, असा माझा विचार होता. तो दिवा इतर मोडक्या सामानाबरोबर भंगारवाल्याने नेला होता.

तेव्हापासून, एखाद्या गाडीचा दिवा चालू आहे आणि फक्त कान तुटला आहे असे असेल, तर मी अहवालात ते वेगळे लिहितो, मोडलेल्या जागेचा जवळून फोटो जोडतो आणि डीलरकडून दुरुस्तीचा नकार प्रत्येक वेळी लेखी घेतो. आजवर असे चार अहवाल गेले आहेत. चारही दाव्यांत पूर्ण असेम्ब्लीच बदलली गेली. त्यांपैकी एका गाडीचा जुना दिवा मात्र मी डीलरकडून लेखी मागून घेतला आहे आणि तो सध्या माझ्या टेबलावर आहे.