पाच किलोची पावती

चर्चमध्ये हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या दिवशी, पाळकाचं (आमच्या धर्मगुरूचं) निम्मं काम अडत्याचं असतं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. उपासना वेळेत आटोपते, लिलाव मात्र अख्खी दुपार खातो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत बाजरी, कांदे, भोपळे, पायाला सुतळी बांधलेल्या कोंबड्या, एखादं करडू असं सगळं वेदीसमोर येतं आणि मग आवारात बोली लागते. बोली लावण्यातही कसब आहे. आधी अंडी-मेथी काढायची, लोकांचे हात सैल होऊ द्यायचे. भोपळा मधे, करडू शेवटी. ज्याच्या नावावर वस्तू सुटली तो भिडेनं 'परत देवाला' म्हणाला, की तीच वस्तू पुन्हा लिलावात. एकच भोपळा चारदा विकलेला मी पाहिलाय. बोली आणि वसुली यांचं नातं मात्र फार लांबचं. आमच्या एका ऊसवाल्या बागायतदारानं गेल्या हंगामात करडावर सगळ्यांच्या वर बोली केली, टाळ्या घेतल्या, आणि ती रक्कम खजिनदाराच्या वहीत अजून 'येणे' आहे. देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं वाचतात.

यंदा घंटेच्या आधीच मावशी आली. "सलाम, साहेब," म्हणून दोन पिशव्या ठेवल्या. एकीत तांदूळ, दुसरीत गहू. सचिवांनी चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतला. "हा रेशनचा."

रेशनचाच होता. मावशी एकटी, कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी महिन्याला 5 किलो. अंत्योदयाचं असतं तर कार्डावर 35 मिळाले असते. दोन्ही पिशव्या मिळून तिचा अख्खा महिना झाला.

सचिव निवृत्त शिक्षक. त्यांना कुठलीही गोष्ट आधी नियमात बसवून पाहायची असते. सरकारी धान्य लिलावात विकलं तर उद्या तक्रार होईल, शिवाय हंगाम म्हणजे रानात पिकलेलं. पहिला मुद्दा बिनतोड होता.

मी विचारलं, "मावशी, महिनाभर खाणार काय?"

"बाजरी हाये की. कापनीनंतर रानात पडलेला सरवा येचलाय."

"मग बाजरीच आणायची ना," सचिव म्हणाले.

"ती तुमच्याच रानातली. तुमचंच तुमाला काय वाहू? हे माझ्या नावावर मिळतंय."

माझा त्या दिवशीचा उपदेश नेमका बायबलमधल्या लेवीय 19 वर होता: शेत कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मुद्दे चांगले काढले होते. समोर मावशी, आणि तिच्यामागे तो बागायतदार, ज्यानं यंदा सरवा वेचणाऱ्या बायकांना बांधावरून हाकललं होतं. सगळ्यांत मोठं 'आमेन' त्याचंच.

धान्य लिलावात काढलं नाही. तांदूळ महिला मंडळाकडे दिला, दुपारच्या प्रीतिभोजनाला त्याचाच भात झाला. बागायतदारानं दोनदा घेतला. गहू प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी ठेवला. मला वाटलं, यापेक्षा चांगली वाट नसती.

सोमवारी मावशी दारात. "माझं नाव न्हाई वाचलं."

यादी लिलावाच्या वहीवरून वाचतात. जे विकलं नाही त्याची ओळच नसते. तिला पावतीही हवी होती. सचिव तिथेच होते. "उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं सांगितलंय, मावशी."

"मग भोपळेवाल्याचं कसं कळलं सगळ्या गावाला?"

सचिव गप्प झाले, क्वचित होतात. मी मात्र तेव्हापासून याच विचारात आहे. उपदेशात मी देणाऱ्यांचे दोन ढीग करतो, एक उदार आणि एक नावासाठी देणारा. बायबलमधल्या गरीब विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिच्याकडच्या शेवटच्या दोन नाण्यांवर, कितीदा तरी बोललोय. तिनं मंदिरात पावती मागितली असती तर काय बोललो असतो? मावशीनं महिना दिला आणि नावही मागितलं. मला ते नाव मागणं स्वार्थाचं वाटत नाही. का वाटत नाही, ते मात्र अजून नीट मांडता येत नाही.

खजिनदार सज्जन आहे, पण त्याच्या पावतीपुस्तकात रकाना फक्त रुपयांचा. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट मिळतं, मग किंमत काय लिहू, शून्य? हिशेबतपासनीस विचारील. मी म्हटलं, 'वस्तुरूपाने' लिहा. तो म्हणाला, कमिटीत ठराव घ्या.

कमिटीत तो बागायतदारही आहे. लिलावाच्या थकबाकीचा विषय निघाला की आमची बैठक मोडते. म्हणून पत्रिकेत मावशीचा विषय त्याच्या वर घेतलाय.