अम्माच्या नावावरचं घर

अम्मा चाळीस वर्षं विड्या वळतेय. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीत उजेडाची जागा एकच असायची, आणि तिथं मांडीवर सूप घेऊन अम्मा बसलेली असायची.

सोलापूरजवळ कुंभारीत कामगारांसाठी रे नगर ही घरांची वसाहत होणार होती. तिथं नाव नोंदवायचं निघालं तेव्हा मी विरोधात होतो. पैसे अडकतील ही भीती होती. अम्माला मात्र जरासुद्धा शंका नव्हती. कुंभारीतच गोदूताई परुळेकर घरकुलात विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली होती. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्या सोहळ्याला आले होते. तिच्या ब्रँचमधल्या, म्हणजे जिथून पान आणायचं आणि वळलेल्या विड्या द्यायच्या त्या कारखान्याच्या शाखेतल्या, काहीजणी तिकडं राहायला गेल्या, त्यांची घरं तिनं आत जाऊन पाहिली होती. "त्यांच्या हाताला तंबाखू आणि माझ्या हाताला काय अत्तर लागलंय का?" एवढंच म्हणाली.

रे नगरची ३०,००० घरं पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारीच्या घटकात बसवली होती. म्हणजे एका घरामागं केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचा वाटा आपला. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं आणि देशात कुठंही पक्कं घर नको. या अटी आम्हाला जड नव्हत्या. आम्ही अडकलो ते नावावर.

अम्माच्या आधारवर माहेरचं नाव होतं, पीएफला लग्नानंतरचं. रेशनकार्डावर नावापुढं कुणीतरी 'बाई' जोडलेलं. तीन कागदांवर तीन बायका! एक दुरुस्त करायला गेलं की समोरचा माणूस दुसरा मागायचा. आधार केंद्रावर अंगठा उमटेना. इतकी वर्षं पान आणि तंबाखू हाताळून बोटांच्या रेषाच पुसट झाल्यात. चौथ्या खेपेला डोळे स्कॅन करून काम झालं. तोवर तिच्या चार दिवसांच्या विड्या बुडाल्या होत्या. ज्या हातांच्या कामामुळं घराचा हक्क मिळत होता, तेच हात मशीन ओळखत नव्हतं. याचा राग मला अजून येतो.

मग बँक. "सॅलरी स्लिप आणा." विडी कामगाराला कसली स्लिप? पहिल्या बँकेनं फाइल उघडूनही बघितली नाही. कामगार संघटनेच्या ताईंनी सांगितलं, पीएफचा उतारा, विडी कामगार ओळखपत्र आणि वर्षभराचं बँक पासबुक एकत्र लावा, मुलाला सहकर्जदार करा. दुसऱ्या बँकेत तसंच केलं आणि कर्ज बसलं. आमच्या वाट्याची पहिली रक्कम भिशीतून उभी केली. पावती मिळाली की अम्मा ती पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या साडीखाली ठेवायची. ती सवय पुढं फार कामाला आली. एका हप्त्याची नोंद सापडत नव्हती, तेव्हा त्या डब्यानंच आम्हाला वाचवलं.

९ जानेवारी २०१९ ला पायाभरणी झाली, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण. मधल्या पाच वर्षांत कोरोना आला आणि माझा माग कितीतरी दिवस बंद राहिला. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याचे ते महिने मला आठवायचेसुद्धा नाहीत.

घर लहान आहे, पण स्वयंपाकाची जागा वेगळी आणि संडास आत. मला अक्कलकोट रोड एमआयडीसी इथून सोयीची. अम्माचं तसं नाही. तिची ब्रँच जुन्या गल्लीतच राहिली, विड्या द्यायला आणि पान आणायला ती रिक्षा बदलत जाते, मजुरीतले पैसे त्यात जातात. म्हणून मला वाटतं, शहराच्या पोटात सरकारी जमीन मोकळी असेल तिथं आधी अशी घरं व्हावीत. घर स्वस्त पडलं तरी रोजचा प्रवास त्या माणसाच्या गळ्यात पडतो.

आता मावशीचा अर्ज दुसऱ्या एका योजनेत भरतोय. तिच्याही आधारवर माहेरचंच नाव आहे. सोमवारी सुट्टी टाकलीय. सकाळी लवकर आधार केंद्रावर जाऊ, आणि अंगठा नाही उमटला तर पहिल्याच खेपेला डोळ्यांचं सांगू.