एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि बाकी थोडं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की बायका दोन गोष्टींना घाबरतात, एक ती तपासणी आणि दुसरा तिचा रिपोर्ट. तपासणीचं नंतर सांगते, आधी रिपोर्टचं, कारण खरा गोंधळ तिथेच होतो.

मैत्रिणीचा रिपोर्ट एचपीव्ही पॉझिटिव्ह आला, म्हणजे या कॅन्सरमागे असणारा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस तपासणीत सापडला. पहिले तिला वाटलं आपल्याला कॅन्सर झाला, आणि ती भीती जरा ओसरली तर दुसरं सुरू, हे आलं कुठून, कोणामुळे, आत्ताच कसं. आता बघा, एचपीव्ही हा इतका कॉमन विषाणू आहे की शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच, आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला परतवूनही लावतं, कळतसुद्धा नाही. काहींच्यात तो वर्षानुवर्षं दबून राहतो. म्हणून आज पॉझिटिव्ह आलं यावरून तो कधी लागला, कोणाकडून लागला हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायला हा रिपोर्ट पुरावा नाहीच, हे मला दहा वेळा ओरडून सांगावंसं वाटतं!

त्रास होतो तो जेव्हा घातक प्रकारचा विषाणू गर्भाशयाच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो तेव्हा. त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार सगळ्यात वाईट, या कॅन्सरच्या जवळपास ७० टक्के केसेस या दोघांमुळे. (या कॅन्सरमागे एचपीव्ही आहे हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.) पण तरीही पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं जातात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५-१०. एवढा वेळ दुसरा कुठला कॅन्सर क्वचितच देतो. आणि या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही, काही म्हणजे काही होत नाही, म्हणूनच "मला काय झालंय, मी कशाला जाऊ" हे इथे चालत नाही.

आता तपासणी. टेबलावर झोपायचं, डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवायचं उपकरण) घालून गर्भाशयाचं तोंड नीट दिसेल असं करतात, एका छोट्या ब्रशने तिथल्या पेशी घेतात आणि तो ब्रश बाटलीतल्या द्रवात. झालं, काही मिनिटांचं काम. अवघडल्यासारखं होतं हे खरं, पण अंग जितकं सैल सोडाल तितकं सोपं. पाळी चालू असताना जाऊ नका. पॅप स्मिअरमध्ये पेशी बिघडल्यात का ते बघतात, एचपीव्ही टेस्टमध्ये विषाणूच शोधतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते तिशीपासून एचपीव्ही टेस्ट, निगेटिव्ह आली तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी. ज्यांना टेबलावर झोपायचीच लाज वाटते त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी आता स्वतःच नमुना घ्यायचं किटही मिळतं, मला तर ही सगळ्यात कामाची सोय वाटते.

पॉझिटिव्ह आलं तर पुढे बऱ्याचदा कॉल्पोस्कोपी, म्हणजे तिथे सौम्य अॅसिटिक अॅसिड लावून भिंगातून मोठं करून बघतात, बिघडलेला भाग पांढरट दिसतो, लागलं तर तुकडा तपासायला पाठवतात. बिघाड असेल तर तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढतात, सहसा पिशवी काढावी लागत नाही.

एचपीव्हीची लस मुलींना ९ ते १४ या वयात दिलेली सगळ्यात चांगली, विषाणूशी गाठ पडायच्या आधी. पण लस झालेला संसर्ग बरा करत नाही आणि सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे लस घेतलेल्यांनाही मोठेपणी तपासणी आहेच.

आणि संबंधानंतर रक्त जाणं, मधेच लाल दिसणं, पाळी गेल्यावर परत डाग, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, अंगावर काढायचं नाही, सरळ डॉक्टरकडे.

"माझी पिशवी काढलीय, मला काय गरज" असं बऱ्याच जणी म्हणतात. काही ऑपरेशनमध्ये पिशवी काढतात पण तोंड ठेवतात. तेव्हा ऑपरेशनचे जुने कागद काढून डॉक्टरला दाखवा, तोंड शाबूत असेल तर तपासणी चालूच ठेवायची, आणि काढलेलं असेल तर पिशवी नेमकी कशासाठी काढली होती तेही विचारून घ्या, पुढे तपासणी लागेल का ते त्यावर ठरतं.