रात्रीचा सुस्कारा

आज सकाळी आईने विचारले, "तुझं यंत्र पुन्हा बिघडलं का रे? रात्री काहीच आवाज आला नाही." ते मी कालच दुरुस्त केले होते. "नाही, आता नीट आहे," एवढेच मी म्हणालो आणि दिवसभर तिच्या त्या प्रश्नाभोवती घुटमळत राहिलो.

गेले तीन आठवडे टाकीत हवा दाबून भरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरने मला जेरीस आणले होते. सकाळी टाकी रिकामी असताना तो एका दमात सुरू होई, दाबाचा काटा 8 किलोवर गेला की आपोआप थांबे, आणि आज काही अडचण येणार नाही असे मला वाटे. मग रंगाचे काम अर्ध्यावर आलेले असताना दाब 6 किलोपर्यंत उतरे, प्रेशर स्विच मोटार सुरू करू पाही, आणि मोटार फिरण्याऐवजी नुसती घुमत राहून ओव्हरलोडने बंद पडे. लाल बटण दाबून पाहावे, तर पुन्हा तेच. कपाटाच्या दारावर अर्धवट राहिलेला रंगाचा पट्टा माझ्यादेखत वाळत जाई आणि तो पाहताना फार एकटे वाटे. आपल्या हातून एक काम धड पार पडू नये, हे आपल्याच वाट्याला का, अण्णा असते तर... ते आज लिहायला नको.

मोटार घुमते पण फिरत नाही म्हटल्यावर संशय आधी मोटारीला सुरुवातीचा जोर देणाऱ्या कपॅसिटरवर जातो, तसा माझाही गेला. नवा कपॅसिटर बसवल्यावर चार दिवस बरे गेले. खरे तर त्या दिवसांत काम इतके थोडे होते की सकाळी एकदा भरलेली टाकीच पुरली, पण मी श्रेय कपॅसिटरला दिले. मग लांब, बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड काढला, कारण सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते आणि अशा वायरीत व्होल्टेज पडते. पट्टा काढून पुली हाताने फिरवून पाहिली. रोज सकाळी काटा शून्यावर दिसे, त्याचा दोष तळाशी पाणी काढण्यासाठी असलेल्या कॉकला दिला आणि तो दोनदा आवळला.

या काळात आईने दोन वेळा सांगितले होते की यंत्र बंद केल्यावरही रात्रभर सुस्कारे टाकते. थांबताना ते हवा सोडतेच, असे मी तिला समजावले. ते खरेही आहे; कॉम्प्रेसर थांबला की प्रेशर स्विचजवळचा छोटा व्हॉल्व्ह पंप आणि टाकी यांमधल्या नळीत अडकलेली हवा बाहेर सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटार भाराविना सुटते. पण तो आवाज काही क्षणांचा असतो. तिने 'रात्रभर' म्हटले होते, आणि तेवढाच शब्द मी ऐकला नव्हता.

परवा ग्राइंडर आणि पंखा दोन्ही बंद असताना तो सुस्कारा मला पहिल्यांदा ऐकू आला. काल प्लग काढला, टाकी पूर्ण रिकामी केली आणि नळी टाकीला मिळते तिथला, हवा फक्त टाकीकडे जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पान्याने उघडला. आतल्या रबरी चकतीच्या कडेला काजळीचा मोहरीएवढा कण रुतून बसला होता आणि त्याने रबरात आपल्या आकाराची खळी पाडली होती. त्या खळीतून टाकीतली हवा उलटी नळीत येई आणि छोट्या व्हॉल्व्हमधून निसटत राही. मधेच मोटार सुरू व्हायची वेळ आली की नळीत दाब शिल्लक असे आणि पिस्टन त्याच्याविरुद्ध हलत नसे. रात्री मात्र सगळी टाकी रिती होई, म्हणून सकाळी तो निमूट चाले. 50 लिटरच्या टाकीत 8 किलो दाब म्हणजे बाहेरच्या मापाने सुमारे 400 लिटर जास्तीची हवा. ती रोज रात्री आईच्या उशाशी, भिंतीपलीकडे, थोडी थोडी निसटत होती.

नवी चकती बसवली, साबणाचे पाणी लावून सांधे तपासले, काम संपले. तरी दिवसभर मनाला लागून राहिले आहे ते वेगळेच. ती खोटे सांगत नाही हे मला माहीत होते. तिचे कान माझ्याहून तल्लख आहेत हेही माहीत होते. यंत्राचे तिला काय कळणार, असे मी मनातही म्हटले नव्हते, निदान तसे आठवत नाही. मग तो शब्द माझ्या कानावरून गेला कसा? दुपारपर्यंत मी स्वतःला बोल लावत होतो. संध्याकाळी दार रंगवताना मोटार तीनदा बंद झाली आणि तिन्ही वेळा विनातक्रार सुरू झाली, तेव्हा मन जरा निवळले. चूक सापडली तीही तिच्याच शब्दामुळे सापडली, कारण पंखा बंद करून कान द्यावा हे मला परवा सुचले ते त्याच शब्दाच्या आठवणीने. उशिरा का होईना, तो माझ्यापर्यंत पोहोचला होता.

पण तिला हा आवाज रात्रभर ऐकू येत होता, म्हणजे ती रात्रभर...

आता साडेअकरा वाजले आहेत. तपासणीसाठी आजची रात्र टाकी भरलेलीच ठेवली आहे. आतली हवा निवल्यावर काटा 8 च्या किंचित खाली आला, तो तासाभरापासून तिथेच आहे, आणि खोलीत कसलाही आवाज नाही. भिंतीपलीकडे पलंग करकरला. वही मिटून मी तिच्याकडे जातो आहे.